मूगडाळ, उणे २ किलो १४० ग्रॅम

डी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र होतं, पाठ टाचण होतं, फळ्यावर खडूनं सरळ रेघ मारायचं प्रात्यक्षिकसुद्धा होतं. बारदान नव्हतं. पन्नास किलोचं म्हणून आलेल्या पोत्यात खरोखर किती तांदूळ असतो, उंदरानं खाल्लेला तांदूळ कुठल्या रकान्यात दाखवायचा, आणि तेलाचा टिपूस नाही पण मोहरी दोन दिवाळ्या पुरेल एवढी आहे अशा वेळी कोणती अध्यापन पद्धती वापरायची, यावर अभ्यासक्रमात एक ओळ नव्हती. तरी पोषण आहाराचा चार्ज माझ्याकडे आला, कारण मी गणिताचा. मुख्याध्यापक म्हणाले, "जमतंय हो सर तुम्हाला. बेरीज-वजाबाकी तर आहे." यातली वजाबाकी मला रोज भेटते. बेरीज एकदा कधीतरी टेम्पोतून येते, तीही कमी वजनाची.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सोलापूरच्या दक्षिणेला. मुलं घरी कानडी बोलतात, वर्गात मराठी आणि भांडताना दोन्ही. पहिली ते पाचवीची ६२, सहावी-सातवीची ३०. नियम असा की लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, मोठ्यामागे १५० आणि ३०. म्हणजे सगळे हजर असले तर दिवसाला १० किलो ७०० ग्रॅम तांदूळ. लहानांच्या ताटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं पडली पाहिजेत, मोठ्यांच्या ताटात ७०० आणि २०. आक्का आणि तिची जाऊ स्वयंपाक करतात. आक्का हे सगळं शेराच्या मापानं आणि मुठीनं मोजते. मी एकदा वजनकाटा लावून तिची मूठ तपासायला गेलो, तर ती म्हणाली, "गुरुजी, काटा तुमचा बरोबर हाय का ते आधी बघा की." काट्यावर धूळ होती. पुसून पुन्हा मोजलं, आक्काच बरोबर निघाली.

या मुलुखात भात म्हणजे पाहुणा. घरोघरी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, फार तर वरून आमटी. इथून जवळच मंगळवेढ्याची मालदांडी पिकते. पण योजनेचा गाडा १९९५ सालच्या १५ ऑगस्टला तांदळावर सुरू झाला आणि तांदळावरच चालू राहिला. मी तेव्हा तिसरीत होतो. हजेरी ऐंशी टक्के भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. माझ्या आईला प्रश्न पडायचा की एवढ्या भाताचं करायचं काय; सणवार काही दर आठवड्याला येत नाही. पुढं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शिजवूनच द्या म्हणून बजावलं आणि तांदळाचं पोतं घरातून शाळेत आलं. त्याच्या मागून रजिस्टरं आली. २०२३ हे साल जगानं भरड धान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा मला वाटलं, आता ज्वारीचा नंबर लागणार. लागला नाचणीचा. नाचणी आमच्याकडं पिकत नाही. सत्त्व पहिल्यांदा वाटीत पडलं तेव्हा पहिलीच्या मुलांनी रंग बघून चॉकलेट समजून आनंदानं ओरडा केला आणि एक घोट घेतल्यावर सगळ्यांनी मिळून माझ्याकडं जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

पदार्थांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. पूर्वी खिचडी होती. पालेभाजी असली तरी खिचडी, वाटाणा असला तरी खिचडी, गावात मला ओळखही 'खिचडीचे सर' अशीच. मग २०२४ च्या जूनमध्ये शासन निर्णय आला: तीन संरचित आहार. भात, कडधान्याची उसळ किंवा मोड, आणि वर खीर किंवा नाचणी सत्त्व. एकूण पंधरा पाककृती. मटार पुलाव, सोयाबीन पुलाव, मूग-शेवगा वरण, अंडा पुलाव. मी ती यादी आक्काला वाचून दाखवली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लग्न कुणाचं हाय?"

यादी चांगलीच होती. एकाच चवीला कंटाळलेलं पोर ताट तसंच ठेवून उठतं, हे मी रोज बघतो; बदल हवाच होता. अडचण एवढीच की यादी मोबाईलवर आली आणि सामान टेम्पोतून येतं. दोघांचा वेग वेगळा. मटार पुलावाच्या दिवशी घरात चवळी, चवळी खिचडीच्या दिवशी मसूर. त्यात आता पाककृती मोबाईलमध्ये निवडावी लागते. आज किती मुलं जेवली ते भरायचं, पदार्थ निवडायचा, बटण दाबायचं. पुढची वजाबाकी मोबाईल स्वतः करतो. त्या दिवशीची नोंद झाली नाही तर त्या दिवसाचा खर्च विसरायचा. रेंज शाळेत नसते. ती पाण्याच्या टाकीवर असते. दुपारी एकला उन्हात टाकीवर चढून हात वर करून उभे असलेले गुरुजी म्हणजे माहिती भरत आहेत, हे आता गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक झालंय. ती भुंकत नाहीत.

तर त्या सोमवारी मूगडाळ खिचडी होती आणि मूगडाळ नव्हती. मटकी होती. आक्कानं मटकी टाकून खिचडी केली, पोरांनी चाटूनपुसून खाल्ली. मी टाकीवर चढलो. मोबाईलमध्ये त्या दिवसासमोर निवडायला मूगडाळ खिचडीच. मटकी घातली हे सांगायला जागाच नाही. बटण दाबलं आणि साठ्यात दिसलं: मूगडाळ, उणे २ किलो १४० ग्रॅम.

सातवीला मी त्याच आठवड्यात ऋण संख्या शिकवत होतो. पुस्तकात तापमान आणि समुद्रसपाटी अशी उदाहरणं असतात. सोलापुरात शून्याखालचं तापमान आणि समुद्र ही दोन्ही ऐकीव माहिती. मी फळ्यावर डाळ लिहिली. शाळेत नसलेली, कुणी न शिजवलेली आणि तरीही खाऊन संपलेली डाळ. एका मुलीनं विचारलं, "सर, मग ती आता कोण देणार? आपण का ते?" इतकी स्वच्छ समज वरिष्ठ कार्यालयातसुद्धा मला दिसलेली नाही. तिथं विचारलं तर उत्तर आलं, प्रत्यक्ष साठा ऑनलाइन साठ्याशी जुळवून घ्या. उणे दोन किलो डाळ कोठीत कशी ठेवायची, हे त्यांनी सांगितलं नाही.

टेम्पो येतो तो शनिवारी, सकाळच्या शाळेत, परिपाठ चालू असताना. तांदूळ, डाळी, तेल, हळद, तिखट, मीठ. माल वजन करूनच ताब्यात घ्यावा असा नियम आहे आणि वजन करू देण्याइतका वेळ नाही असा ड्रायव्हर आहे. "गुरुजी, सही मारा की. अजून लै शाळा हायत." काटा आणेपर्यंत तो इंजिन चालू ठेवतो. कधी महिन्याचा माल दोन महिन्यांनी येतो, आणि येतो तेव्हा नेमका जो आहे तोच पुन्हा येतो. मोहरीची कथा वर सांगितलीच. तांदूळ संपला की मी शेजारच्या शाळेतून उसना आणतो. त्यांचं संपलं की ते माझ्याकडं येतात. ही उसनवारी कुठल्याच परिपत्रकात नाही, तरी तालुक्यातला निम्मा पोषण आहार तिच्यावर चालतो असं माझं प्रामाणिक मत आहे. मोटारसायकलवर पुढं तांदळाचं पोतं घेऊन दोन गुरुजी शिवेवर भेटतात तेव्हा लोकांना वाटतं काहीतरी काळंबेरं आहे. आम्ही म्हणूनच दिवसाढवळ्या भेटतो.

पैशाचंही सांगतो, थोडक्यात. लहान मुलामागे दिवसाचा आहार खर्च आधी ५ रुपये ४५ पैसे होता, मग ६ रुपये १९ पैसे झाला आणि मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. मोठ्यांसाठी १० रुपये १७ पैसे. पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं, पण आमच्या योजनेत एकेक पैसा अजून हयात आहे. लक्ष्मी मंडईत कोथिंबीरवाल्या मावशींना मी एकदा म्हटलं, मला हिशेबात सतरा पैसे दाखवायचे आहेत. त्यांनी जुडीतून एक काडी काढून घेतली. ते पैसे येतात तेव्हा येतात. तोवर भाजी माझ्या खिशातून आणि सिलिंडर माझ्या नावावर. आक्काला महिन्याला अडीच हजार मानधन, तेही वर्षातले दहाच महिने. याला विनोद सुचत नाही.

अंड्यावर मात्र ग्रंथ होईल. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, अंडं न खाणाऱ्यांना केळं. अंड्याला पाच रुपये. बाजारात पाच रुपयांत अंडं मिळण्याचे दिवस केव्हाच गेले होते, पण ते जाऊ द्या. पालकांकडून लेखी घेतलं: कोण अंडंवाले, कोण केळंवाले. यादी तयार झाली आणि पहिल्याच बुधवारी ढासळली. केळ्याच्या रांगेतला एक पाचवीचा गडी हळूच येऊन म्हणाला, "सर, मी आज अंडं. घरी सांगू नका." मागोमाग अंड्याच्या रांगेतली दोन पोरं केळ्याकडं सरकली, कारण केळी मोठी होती. ट्रेमध्ये दोन अंडी फुटलेली. मी यादी, ट्रे आणि केळ्यांचा घड घेऊन मध्ये उभा. शेवटी आक्कानं सगळ्यांना बसवून ज्याला जे हवं ते दिलं आणि मला सांगितलं, "लिहायचं ते तुम्ही लिवा, खायाचं ते त्यास्नी खाऊ द्या." बुधवारी हजेरी इतकी वाढली की कधी न दिसणारी दोन मुलं पटावर आहेत हे मला नव्यानं कळलं. हे सगळं अंगवळणी पडत होतं तोच २०२५ च्या जानेवारीत नवा निर्णय आला. पाककृती पंधराच्या बारा. अंडी आणि साखर द्यायची असेल तर लोकसहभागातून. सरकारचे जादा पैसे नाहीत. अंडं बंद केलं असं कुणी म्हटलं नाही, फक्त ते आणायचं कुणी एवढंच बदललं. मला स्वतःला विचाराल तर त्या पंधरा पाककृतींपेक्षा ते एक अंडं मोलाचं होतं. तेच गेलं.

लोकसहभाग म्हणजे मी. साखर कारखान्यांचा हा जिल्हा. गळिताच्या हंगामात शाळेसमोरून उसाच्या ट्रॉल्या अशा जातात की पोरांना रस्ता ओलांडायला मला उभं राहावं लागतं. आणि त्याच रस्त्यावर मी खिरीसाठी चार किलो साखर मागत फिरत होतो. एका उत्साही कार्यकर्त्यानं वाढदिवसाला साखर दिली. अट एकच, बॅनर. बॅनरच्या पैशात महिनाभराची साखर आली असती. खिरीपेक्षा पोरांना तो बॅनरच जास्त दिवस पुरला. पावसाळ्यात कोठीवर घातला आहे.

राहिलं चव रजिस्टर. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं आणि पालकानं चाखून शेरा लिहायचा. याची चेष्टा मी करत नाही. २०१३ मध्ये बिहारच्या एका शाळेत जेवणातून तेवीस मुलं गेली, त्यानंतर पहिला घास मोठ्यांनी खायचा याला माझी ना नाही. पण पालक प्रतिनिधी म्हणून जे आजोबा येतात ते चाखत नाहीत, जेवतात. घंटा व्हायच्या आत, स्वतःची ताटली घेऊन. शेरा मात्र प्रामाणिक. 'मीठ बेताचे.' 'वाटाणा कच्चा.' 'चटणी पाहिजे होती.' तपासणीला आलेले साहेब बाकी सगळी रजिस्टरं भरभर उलटत होते, इथं थांबले. "हे काय? 'कालच्यापेक्षा बरी' हा काय शेरा झाला? चांगली, उत्तम असं लिहायचं." आजोबा शेजारीच जेवत होते. म्हणाले, "साहेब, खाऊन बघा आणि तुम्ही लिवा." साहेबांनी खाल्लं. शेरा 'उत्तम' असा लिहिला आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

सध्या परसबाग चालू आहे. शाळेच्या आवारात भाजी पिकवायची, ती आहारात वापरायची आणि फोटो वर पाठवायचे. कल्पना मला मनापासून आवडली. पाणी आवडेल एवढं नाही, इतकंच. मुलांनी हात धुतलेलं पाणी वळवून आम्ही मेथी केली, वांगी लावली, कोपऱ्यात शेवगा. मेथी वर आली त्या दिवशी पोरांनी वर्गात बसायला नकार दिला. फोटो मागवल्याचा निरोप आला त्याच्या आदल्या रात्री कुंपणातून शेळी शिरली. सकाळी मेथी नव्हती, वांग्यांचे दांडे होते आणि शेळी शेवग्याखाली रवंथ करत बसली होती.

"आता नोंद कशी करू?" मी म्हटलं.

आक्का तांदूळ निवडत होती. "किती पोरं आज?"

"एक्याण्णव."

"ब्याण्णव लिवा," ती म्हणाली. "केळं नको म्हणाली म्हणून बी लिवा."