जिन काझामाला वकील नकोत

डेव्हिलने केलं, डेव्हिलने केलं, डेव्हिलने केलं! कान किटले माझे. टेकन नावाचा मारामारीचा व्हिडिओ गेम आहे, त्यात जिन काझामा नावाचा पोरगा आहे, आणि त्या पोराने आजवर जे जे उद्योग केले त्या सगळ्यांचं बिल डेव्हिलच्या, म्हणजे त्याच्या अंगात असलेल्या सैतानाच्या, नावावर फाडायचं, असा काही लोकांनी विडाच उचललाय. आमच्या ग्रुपवर असे दोघं-तिघं आहेत. रात्री अकरा वाजून गेल्यावर, बाकी काही न लिहिता, नुसतं 'भावा हे बघच' म्हणून तासाभराचा व्हिडिओ टाकतात. थंबनेलवर अर्धा चेहरा माणसाचा, अर्धा शिंगवाला, त्यावर एक लाल बाण. बाण नक्की कशाकडे आहे ते करणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे माझा संताप कुठून येतोय ते कळेल. मिशिमा घराणं. आजोबा हेइहाची, स्वतःच्या पाच वर्षांच्या पोराला कड्यावरून खाली फेकणारा थोर बाप. ते पोर म्हणजे काझुया, त्याच्या रक्तात डेव्हिल. काझुया आणि जुन काझामा यांचा मुलगा जिन. ओगर नावाच्या राक्षसाने घरावर हल्ला केला, आई बेपत्ता झाली, डेव्हिल येऊन पोराच्या डाव्या दंडावर खूण उमटवून गेला. पोर आजोबांकडे कराटे शिकायला गेलं. १९९७ च्या टेकन ३ मध्ये त्याने ओगरला लोळवलं, आणि बक्षीस म्हणून आजोबांनी त्याला गोळ्या घातल्या. तिथे पहिल्यांदा त्याच्या अंगात येतं. सैनिकांना उडवतो, आजोबांचं तोंड भिंतीवर आपटून भिंतीतून आरपार नेतो आणि काळे पंख पसरून उडून जातो.

याला ताबा सुटणं म्हणा, माझं काही म्हणणं नाही. डोक्यात गोळी बसल्यावर कुणाचा ताबा राहील? टेकन ५ च्या वेळी तो एका जंगलात शुद्धीवर येतो आणि भोवतालचं सगळं रान आडवं झालेलं असतं. तेही डेव्हिलच्या खात्यात टाका, चालेल.

पण मधल्या टेकन ४ चं काय? होनमारू या मिशिमांच्या ठिकाणी त्याला साखळदंडांनी बांधलेलं असतं. सुटतो, बापाला हरवतो, आजोबांना हरवतो. पंख बाहेर आलेत, म्हातारा हातात सापडलाय, एक फटका की विषय संपला. आणि त्या क्षणी त्याला आई दिसते. तो थांबतो. 'माझ्या आईचे आभार मान' अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि निघून जातो. म्हणजे डेव्हिल पुरता वर आलेला असतानाही हा माणूस स्वतःला आवरू शकतो. हे एवढं ढळढळीत दाखवलंय, पण तासाभराच्या व्हिडिओत यावर अर्धं मिनिटही नाही, कारण हे मान्य केलं तर पुढचा सगळा डोलारा कोसळतो.

आता येतो टेकन ६ वर. इथेच माझी सटकते.

टेकन ६ मध्ये जिन हा मिशिमा झायबात्सूचा, म्हणजे घराण्याच्या अवाढव्य कंपनीचा, प्रमुख आहे. हाताशी खाजगी फौज, विमानं, पैसा. पंख नाहीत, शिंगं नाहीत, कपाळातून लेझर नाही. लांब कोट घातलेला, शांत आवाजात बोलणारा पोरगा. आणि तो जगाविरुद्ध युद्ध पुकारतो. का? तर अझाझेल नावाचा पुरातन राक्षस जागा व्हावा म्हणून. तो जागा व्हायला जगात पुरेसा द्वेष साठायला हवा. मग त्याला मारायचं, म्हणजे आपल्या रक्तातला डेव्हिलही जाईल, असा हिशेब. हिशेब, बरं का! झटका नाही. नियोजन, आदेश, अंमलबजावणी, सगळं शुद्धीत.

आणि त्या हिशेबात कोण मेलं? मिगेल आठवतो का कुणाला? स्पेनचा तो दणकट गडी. त्याच्या बहिणीचं लग्न. घरच्यांशी बिनसलेलं म्हणून हा बाहेरूनच बघत उभा. झायबात्सूची विमानं येतात, बॉम्ब पडतात, लग्नाच्याच दिवशी बहीण जाते. युद्धाचे आदेश कुणाचे होते ते कळल्यावर मिगेल जिनला शोधत निघतो. टेकनमध्ये अस्वलं कुस्ती खेळतात, कांगारू बॉक्सिंग करतं, त्या गेममध्ये हे असलं काही ठेवलंय, यावरून तरी कळावं की लेखकांना काय म्हणायचं होतं. आणि एडी गोर्डो, गेममधला आणखी एक लढवय्या! त्याचा गुरू आजारी. उपचाराचं गाजर दाखवून जिन त्याला आपल्या फौजेत ओढतो. हे डेव्हिलने केलं? डेव्हिल कधीपासून असला व्यवहार करायला लागला? हे डोकं थंड ठेवून केलेलं काम आहे.

यावर थिअरीवाल्यांचं उत्तर ठरलेलं: 'अरे भावा, तो जिन नव्हताच, अझाझेलने त्याला आधीच ताब्यात घेतलं होतं.' अरे, अझाझेल झोपला होता! त्याला उठवायलाच तर युद्ध होतं! झोपलेला राक्षस आधीच सगळं चालवत होता, तर मग त्याला उठवायचं तरी कशाला? आणि शेवटी तोच जिन त्याच्या छातीत हात घालून त्याला घेऊन खाली कोसळतो, ते काय बाहुलं मालकाशी भांडलं म्हणून? दुसरी थिअरी त्याहून भारी: खरा जिन टेकन ३ मध्येच गोळीने मेला, पुढे फिरतंय ते नुसतं शरीर. म्हणजे आईला बघून थांबलं ते शरीर थांबलं. वा!

सोसायटीत क्रिकेट खेळताना पोराने गाडीची काच फोडली की आई खाली येते ना, 'आमचा बाळ तसा नाहीये हो, संगत वाईट आहे', तसं चाललंय हे. फरक इतकाच की इथे काच नाही, अर्धं जग फुटलंय.

बरं, पुरावे कुठून आणतात ते बघा. टेकनमध्ये प्रत्येक पात्राचा वेगळा शेवट असतो, हे पोराटोरांनाही माहीत आहे. त्यातले बरेचसे पुढच्या कथेत धरले जात नाहीत. टेकन ५ मध्ये हेइहाचीच्या शेवटात तो बाप, मुलगा आणि नातू तिघांनाही रॉकेटला बांधून अंतराळात सोडतो. तुमच्या पद्धतीने गेलं तर जिन अजून तिकडेच फिरतोय. असल्या शेवटांतला डोळ्यांचा रंग, पंखांची पिसं, दंडावरची खूण कुठे अर्धा इंच मोठी दिसली, हे थांबवून थांबवून दाखवतात. वर टेकनचा अनेक वर्षांचा निर्माता हारादा, त्याने कुणाला वैतागून दिलेलं उत्तर घेऊन त्याचाही अर्थ लावतात.

आणि पंखवाला जिन 'डेव्हिल जिन' नावाने, निवडीच्या पडद्यावर वेगळा चौकोन घेऊन पात्रांच्या यादीत का आला, याचं साधं कारण कुणी सांगत नाही. टेकन ४ मध्ये जिनने घराण्याचं कराटे सोडलं, त्याचे सगळे फटके बदलले. जुना जिन हातात बसलेले लोक वैतागले. टेकन ५ मध्ये ते जुने फटके डेव्हिल जिनला मिळाले. झालं! बटणांचा मामला आहे हा अर्धा. पण नाही, दोन चौकोन दिसले की दोन आत्मे, दोन आत्मे म्हटलं की एक निर्दोष.

खरं सांगायचं तर आमच्याकडे टेकन ३ आला तो कॉपी केलेल्या सीडीवरून आणि गेम पार्लरमध्ये तासावर पैसे भरून. एडी घ्यायचा आणि नुसती बटणं बडवायची. कथेचा भाग आला की स्टार्ट दाबायचा, कारण तास संपत असायचा. तेव्हा जिनची कुणाला पडली नव्हती. आज तेच लोक मला 'तुला लोर', म्हणजे गेममागची कथा, 'कळली नाही' म्हणून सुनावतात.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर जिनची गोष्ट यांनी पार मिळमिळीत करून टाकली. टेकन ६ च्या शेवटी रेवन नावाच्या गुप्तहेराला वाळवंटात त्याचं शरीर सापडतं आणि दंडावरची खूण तशीच असते. एवढी माणसं मारली, आणि खूण तशीच! एका साध्या फायटिंग गेमने हे दाखवलं. स्वतःची भीती घालवायला त्याने जग जाळलं, आणि भीती जागेवरच राहिली. डेव्हिलने सगळं केलं म्हटलं की या दृश्यात उरतं काय? २०२४ च्या टेकन ८ मध्ये तर तो जपानच्या याकुशिमा बेटावर आपल्या आतल्या डेव्हिलशी भिडतो आणि त्याला हाकलत नाही, स्वीकारतो. गेम स्वतः ओरडून सांगतोय की दोघं एकच आहेत. तरी व्हिडिओ येतातच.

सगळ्याच थिअरी भंकस असतात असंही नाही. टेकन ८ मधली नवी पोरगी रेना ही हेइहाचीची मुलगी असणार हे लोकांनी ट्रेलर बघून, तिचे फटके बघून ओळखलं होतं, आणि बरोबर निघालं. हे खरं डोकं लावणं. आता तिच्यात डेव्हिल जागा झालाय. डेव्हिल तर काझुयाला आई काझुमीकडून मिळाला होता, हेइहाचीच्या रक्तात तो नव्हताच. मग हेइहाचीच्या मुलीत आला कुठून? हा प्रश्न आहे! इथे घाला तास, इथे काढा बाण! पण काल ग्रुपवर काय आलं, तर रेना बिचारी आहे, तिच्याकडून पुढे जे काही होईल त्यात तिचा दोष नसेल. पोरीने अजून काही केलेलंही नाही आणि यांनी जामीन भरून ठेवलाय.