‘कायदा माहीत होता, मग आता भोगा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

परदेशात अमली पदार्थांच्या तस्करीत पकडल्या गेलेल्या आपल्या नागरिकांना फाशीपासून वाचवण्यासाठी सरकारने हातपाय हलवले पाहिजेत, असे मी मागील लेखात म्हटले होते. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : त्या देशांचे कायदे सर्वांना ठाऊक असतात, ते ठाऊक असूनही जो पैशांसाठी विष वाहून नेतो, त्याने परिणाम भोगावेत, जरब आहे म्हणूनच सिंगापूरसारखा देश या व्यसनापासून वाचला आहे, आणि अशा माणसावर करदात्यांचा पैसा खर्च करणे हा व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांवर अन्याय आहे. आपल्या नात्यातील एका तरुणाचे गर्दापायी काय झाले, हेही आपण लिहिले आहे. त्या मजकुरापुढे मी कोणताही युक्तिवाद मांडणार नाही, कारण तो संताप रास्त आहे. मात्र तो संताप फास होऊन ज्याच्या गळ्यात पडतो, तो माणूस बहुतेक वेळा कोण असतो, हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

कायदा माहीत असतो, हे आपले विधान मला मान्य आहे. सिंगापूरला उतरणाऱ्या प्रवाशांकडून जो कागदी फॉर्म भरून घेतला जात असे, त्यावरच तस्करीला मृत्युदंड असल्याचा इशारा लाल अक्षरांत छापलेला असे. पण खटल्यात कळीचा प्रश्न कायदा माहीत होता का, हा नसतो. बॅगेत काय आहे हे माहीत होते का, हा असतो. या धंद्यात माल वाहून नेणाऱ्याची निवड कशी होते, ते पाहा. नोकरीचे आमिष, फुकटचे तिकीट, हॉटेलची सोय, कधी लग्नाचे वचन. आणि निघण्याच्या आदल्या रात्री ‘तिकडे आपल्या माणसाकडे एवढे पोहोचव’ म्हणून हातात दिलेली एखादी बॅग. विमानतळावर अधिकारी विचारतो, की ही बॅग तुमचीच का, आणि ती तुम्हीच भरली का. सामान अडकू नये, एवढ्याच विचाराने प्रवासी ‘हो’ म्हणतो. पुढे न्यायालयात ते ‘हो’ त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते.

यात भर पडते ती कायद्यातील गृहीतकांची. सिंगापूरच्या 1973 च्या कायद्यानुसार 2 ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉइन जवळ सापडले, की ते विक्रीसाठीच होते असे गृहीत धरले जाते. 15 ग्रॅमच्या वर गेले, की तस्करीला मृत्युदंड लागू होतो. आणि वस्तू जवळ सापडली म्हणजे ती काय आहे हे त्या व्यक्तीला माहीत होते, असेही मानले जाते. आपल्याला माहीत नव्हते, हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर येते. आपल्याकडच्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही अशी गृहीतके आहेत, त्यामुळे हा दोष केवळ परक्यांचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु न जाणणे सिद्ध करायचे कसे? आणि ज्या शिक्षेत चूक झाली तर ती दुरुस्त करायला माणूसच उरत नाही, तिथे इतक्या पातळ आधारावर निकाल द्यावा का?

2012 मध्ये सिंगापूरने कायद्यात एक सवलत आणली. आरोपी केवळ माल पोहोचवणारा असेल आणि टोळीचा माग काढण्यात त्याने भरीव मदत केल्याचे प्रमाणपत्र सरकारी अभियोक्त्याने दिले, तर न्यायाधीश फाशीऐवजी जन्मठेप आणि फटक्यांची शिक्षा देऊ शकतात. सुधारणा म्हणून तिचे स्वागत झाले. मात्र तिचा परिणाम नीट पाहिला तर मन विषण्ण होते, कारण ज्याला टोळीविषयी सांगण्यासारखे काही आहे, त्याला जगण्याची संधी मिळते, आणि ज्याला बॅग देणाऱ्याचे खरे नावसुद्धा ठाऊक नाही, त्याच्यापाशी देण्यासारखे काहीच नसते. जितका माणूस साखळीच्या तळाशी, तितका फास जवळ. नागेंद्रन धर्मलिंगम या मलेशियन तरुणाला 2009 मध्ये मांडीला बांधलेल्या 42.72 ग्रॅम हेरॉइनसह पकडले, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. त्याचा बुद्ध्यंक 69 असल्याचे तपासणीत नोंदवले गेले होते. माल नेत असल्याची त्याला जाणीव होती, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता, आणि तो निर्दोष होता असा माझाही दावा नाही. 27 एप्रिल 2022 रोजी त्याला फाशी देण्यात आली. त्या फाशीने हेरॉइनच्या व्यापारातील कोणता मोठा मासा हादरला असेल, याचा विचार आपण शांतपणे करावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्या प्रतिक्रियेतील ‘जनतेला हेच हवे आहे’ या वाक्याकडे मला अधिक बारकाईने पाहायचे आहे, कारण लोकमताचा आधार घेऊनच हे कायदे टिकून आहेत. 2015 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात दोन पाहण्या झाल्या. परदेशात तस्करीसाठी मृत्युदंड झालेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकांना फाशी व्हावी का, असे एका पाहणीत सर्वसाधारणपणे विचारले, तेव्हा 52 टक्क्यांनी होकार दिला. काही आठवड्यांतच दुसऱ्या संस्थेने इंडोनेशियात शिक्षेच्या प्रतीक्षेत असलेल्या अँड्र्यू चॅन आणि मयुरन सुकुमारन या दोघा ऑस्ट्रेलियन नागरिकांविषयी नेमके विचारले, तेव्हा 62 टक्के लोकांनी शिक्षा अमलात येऊ नये असे सांगितले. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी होती, हे खरे. तरी हा फरक केवळ पद्धतीचा आहे, असे मला वाटत नाही. मलेशियात गुन्हेशास्त्रज्ञ रॉजर हूड यांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले होते. सक्तीच्या, म्हणजे न्यायाधीशाला दुसरा पर्यायच न ठेवणाऱ्या, मृत्युदंडाला तत्त्वतः पाठिंबा देणाऱ्या लोकांसमोर जेव्हा प्रत्यक्ष प्रकरणांचे तपशील ठेवले, म्हणजे आरोपीचे वय, त्याची भूमिका, त्याची परिस्थिती, तेव्हा त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी प्रत्येक प्रकरणात मृत्यूची शिक्षा निवडली. ‘तस्कर’ या शब्दाला लोक कठोर असतात, समोरच्या माणसाला तितके नसतात. पुढे 2023 मध्ये मलेशियाने सक्तीचा मृत्युदंड रद्द करून निर्णय न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवला, आणि त्यामुळे तिथे जनतेचा उद्रेक झाला नाही.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तमिळनाडूच्या पाच मच्छीमारांना अमली पदार्थांच्या तस्करीच्या आरोपावरून श्रीलंकेत अटक झाली आणि ऑक्टोबर 2014 मध्ये कोलंबोच्या न्यायालयाने त्यांना मृत्युदंड ठोठावला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, केंद्र सरकारने वरच्या पातळीवर बोलणी केली आणि महिनाभरात त्यांना माफी मिळून ते परतले. त्या वेळी ‘कायदा माहीत होता, मग भोगा’ असे म्हणणारे फारसे भेटले नाहीत. मला त्याचा आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की ज्याच्या पाठीशी गाव, समाज किंवा पक्ष उभा राहतो त्याच्यासाठी एक न्याय, आणि परदेशी तुरुंगात एकट्या पडलेल्या बाईसाठी दुसरा, हे आपण कोणत्या तत्त्वावर ठरवतो?

जरबेविषयी बोलायचे, तर सिंगापुरात व्यसनाचे प्रमाण कमी आहे, हे मी नाकारत नाही. पण तिथे छोटासा, सहज राखता येणारा सीमाभाग आहे, सचोटीचे आणि सुसज्ज पोलीस दल आहे, व्यसनींसाठी सक्तीचे पुनर्वसन आहे. या सगळ्यातून एकट्या फाशीचे श्रेय वेगळे काढता येत नाही. ज्या भागात जगातले सर्वांत कठोर कायदे एकवटले आहेत, त्या पूर्व आणि आग्नेय आशियात 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार 190 टन मेथॅम्फेटामिन हे कृत्रिम अमली द्रव्य जप्त झाले, आणि हा तोवरचा उच्चांक होता. पकडल्या गेलेल्या एका वाहकाच्या जागी दुसरा आणणे टोळीला अवघड नसते. तो खर्च तिने आधीच हिशेबात धरलेला असतो. आपल्या नात्यातील त्या मुलाच्या हातात पुडी ठेवणाऱ्यापर्यंत आणि त्याच्याही वरच्यापर्यंत पोहोचायचे असेल, तर वाहक जिवंत आणि बोलता राहिला पाहिजे.

मेरी जेन व्हेलोसोचे प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. ही फिलिपिनो महिला 2010 मध्ये इंडोनेशियात 2.6 किलो हेरॉइन दडवलेल्या सुटकेससह पकडली गेली. आपल्याला नोकरीच्या नावाखाली फसवले, असे ती पहिल्यापासून सांगत होती. 29 एप्रिल 2015 रोजी चॅन आणि सुकुमारन यांच्यासह आठ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. मेरी जेनही त्याच यादीत होती. तिला पाठवल्याचा आरोप असलेली व्यक्ती मायदेशात पोलिसांपुढे हजर झाल्यामुळे तिची शिक्षा अगदी अखेरच्या क्षणी थांबली. डिसेंबर 2024 मध्ये तिला मायदेशी पाठवण्यात आले.

राहिला करदात्यांच्या पैशाचा आणि परक्या देशाच्या सार्वभौमत्वाचा मुद्दा. दूतावासाने आपल्या अटकेतील नागरिकाला भेटणे आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करणे हा 1963 च्या व्हिएन्ना कराराने मान्य केलेला अधिकार आहे. त्यात कोणाच्या कायद्याचा अवमान नाही, आणि त्याचा खर्चही सरकारच्या दृष्टीने किरकोळ असतो. मी मागितले आहे ते इतकेच : अटकेची बातमी कळताच दूतावासाचा माणूस तिथे पोहोचावा, पहिला जबाब होण्यापूर्वी आरोपीला समजेल अशा भाषेतील दुभाषी मिळावा, आणि बॅग कोणी दिली याचा तपास इकडे, मायदेशात, त्याच आठवड्यात सुरू व्हावा. यातली तिसरी गोष्ट सर्वांत परिणामकारक ठरते. 2019 मध्ये एक भारतीय दाम्पत्य नात्यातल्या बाईने भेट म्हणून आखून दिलेल्या सहलीवर कतारला गेले आणि सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडल्याने दोघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती; मुलगी तुरुंगातच जन्मली. घरच्यांनी पाठपुरावा केला, आपल्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने इथे तपास केला, ती माहिती कतारपर्यंत पोहोचली आणि 2021 मध्ये फेरसुनावणीत दोघे निर्दोष ठरून परतले. कतारच्या कायद्यात दहा वर्षांऐवजी मृत्युदंडाची सक्ती असती आणि तो तातडीने अमलात आला असता, तर तो तपास पूर्ण होऊन कोणाच्या उपयोगी पडला असता, हे आपणच मला सांगावे.