पेन्सिलीच्या तीन फुल्या

आज दुपारी दाराच्या फटीतून टपाल पडलं. पिझ्झाचं पत्रक, पाण्याचं बिल आणि पोल कार्ड, म्हणजे मतदानाची सूचना. तारीख ७ मे २०२६. निवडणूक कसली, तर 'ईस्ट सरे कौन्सिल'ची. मी कार्डाचा फोटो इथल्या मराठी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "चला, आपलं एप्सम संपलं." (एप्सम म्हणजे इंग्लंडात लंडनला लागून असलेलं आमचं गाव. त्याचं कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिका, आता या नव्या मोठ्या कौन्सिलात विरून जाणार.) दोन मिनिटांत उत्तर आलं: "बरं झालं ना, एक कटकट कमी! कचऱ्याच्या डब्यांसाठी कोण मत द्यायला जातं?" त्यावर सात जणींचे हसरे चेहरे.

तेव्हापासून डोकं तापलंय. वांगी करपली ती त्याच नादात.

कोण जातं म्हणे. मी जाते, बाई.

२०१९ चा मार्च. आम्हाला एप्समच्या जोडगावात, यूलमध्ये, येऊन दोन वर्षं झाली होती. शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारतात, "मतदार यादीत नाव घातलंस का?" (आजोबा इंग्रज आहेत. तोंडावर नावाने हाक मारावी लागते, ते अजूनही माझ्या जिभेला जड जातं, म्हणून मनातल्या मनात आजोबाच.) मी म्हटलं, माझा पासपोर्ट भारतीय आहे. ते म्हणाले, "मग काय झालं? तू कॉमनवेल्थची ना?" मला वाटलं, वय झालंय, काहीतरी गोंधळ होतोय. घरात येऊन शोधलं तर खरंच. इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत आहे, कौन्सिललाही आणि पार्लमेंटलाही. इतकंच काय, कायमचं राहायची परवानगी असेल तर उभंही राहता येतं. त्या सात हसऱ्या चेहऱ्यांपैकी किती जणींना हे माहीत आहे, देव जाणे. पंधरा-पंधरा वर्षं कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, भरतायत.

२ मे २०१९ ला आजोबा मला बरोबर घेऊन गेले. चर्चचा हॉल, आत प्लायवुडचे खोके. टेबलामागच्या बाईंनी नाव-पत्ता विचारला, यादीवर पट्टी ठेवून रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली. ओळखपत्र नाही, शाई नाही. (फोटो ओळखपत्र २०२३ पासून सक्तीचं झालं. तेव्हा मी भारतीय पासपोर्ट दाखवला आणि तो चालला.) खोक्यात दोरीला बांधलेली एक बोटभर पेन्सिल. पेन्सिल! मी तिथूनच मान बाहेर काढून आजोबांना विचारलं, "कुणी खोडून टाकलं तर?" ते इतक्या मोठ्यांदा हसले की टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आमच्या वॉर्डात तीन जागा होत्या, म्हणून तीन फुल्या मारायच्या. मी एकेक फुली दोनदा गिरवली. बाहेर आल्यावर सवयीने डाव्या हाताचं बोट बघितलं. कोरं.

आता हे एप्सम काय प्रकरण आहे ते ऐका, म्हणजे मी का चिडलेय ते कळेल.

एप्सम अँड यूलला बरोची, म्हणजे स्वतःच्या नगरपालिकेची, सनद मिळाली १९३७ मध्ये. त्या काळी दक्षिण लंडनची विजेची रेल्वे आली आणि शेतांवर जोडघरांच्या रांगा उठल्या. स्टोनली स्टेशन १९३२ चं. नवी घरं, नवे लोक, गटारं नाहीत, रस्ते कच्चे. त्या लोकांनी गल्लोगल्ली रहिवासी संघ काढले आणि संघाचीच माणसं कौन्सिलवर पाठवली. आपल्याकडे सोसायटीची कमिटी असते ना, तसं, फक्त अख्ख्या गावाची. आणि मंडळी, १९३७ पासून आजपर्यंत या कौन्सिलवर बहुमत त्यांचंच आहे. टोरींचं (हुजूर पक्षाचं) नाही, लेबरचं (मजूर पक्षाचं) नाही. महायुद्ध झालं, थॅचरबाई आल्या नि गेल्या, ब्रेक्झिट झालं, इथे आपले रहिवासी संघच. बरं, हेच मतदार पार्लमेंटला मात्र डोळे मिटून टोरी निवडून द्यायचे, थेट २०२४ पर्यंत. त्या वर्षी पहिल्यांदा लिबरल डेमोक्रॅट खासदार आली. म्हणजे लोकांना नीट कळत होतं की देश कुणाच्या हाती द्यायचा ते वेगळं आणि आपला कचरा कुणाच्या हाती द्यायचा ते वेगळं. याला मी शहाणपण म्हणते.

आता हो, मान्य आहे. नव्वद वर्षं सत्तेत बसलं की रहिवासी संघाचाही पक्ष होतो. आणि ग्रीन बेल्टवर, म्हणजे गावाभोवतीच्या राखीव हिरव्या पट्ट्यात, सहजासहजी घरं होऊ देत नाहीत, त्यामुळे माझ्या मुलीला उद्या इथे घर घेता येणार नाही, हेही खरं. पुढे.

या गावाला गिळायचे प्रयत्न काय आजचे आहेत? १९६५ मध्ये ग्रेटर लंडन झालं तेव्हा एप्समचंही नाव यादीत होतं, गाव निसटलं. (पोलीस मात्र २००० सालापर्यंत लंडनचेच. सासर एक आणि दिवाळीला कपडे दुसऱ्या घरचे, असा प्रकार.) मग स्थानिक कारभाराचा १९७२ चा कायदा आला, १९७३ मध्ये नव्या डिस्ट्रिक्ट (आपल्या तालुक्यासारख्या) कौन्सिलांच्या निवडणुका, १ एप्रिल १९७४ पासून कारभार. आजूबाजूच्या गावांची लग्नं लावून दिली, रायगेटचं बॅनस्टेडशी, ईशरचं वॉल्टन-वेब्रिजशी, आणि त्या दुसऱ्या जोडप्याला एल्मब्रिज असं नवंकोरं नाव. एप्सम अँड यूल होतं तसंच राहिलं. आमच्या सरे काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) अकरा डिस्ट्रिक्टांत सगळ्यात छोटं, ८० हजार वस्तीचं.

आणि आता ते अकराही जाणार, वरची काउंटी कौन्सिलही जाणार. त्यांच्या जागी दोनच, ईस्ट सरे आणि वेस्ट सरे. एप्रिल २०२७ पासून. ईस्टमध्ये आमच्यासह पाच डिस्ट्रिक्ट, साडेपाच लाख लोक, ७२ नगरसेवक. त्यातले आमचे मूठभर. कारण काय, तर पैसे वाचतील, सुटसुटीत होईल. शिवाय पलीकडे सरेतल्याच वोकिंगच्या कौन्सिलने कर्ज काढून टॉवर बांधले आणि २०२३ मध्ये १.२ अब्ज पौंडांची तूट दाखवून हात वर केले, तोही धोंडा कुठेतरी नेऊन ठेवायचाच होता.

आणि हे करायला वेळ हवा म्हणून मे २०२५ ची काउंटीची निवडणूक पुढे ढकलली. ढकलली! हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. अहो, मी डोंबिवलीची. १ नोव्हेंबर २०१५ ला मी तिथे महापालिकेला मत दिलं होतं, ते शेवटचं. २०२० मध्ये मुदत संपली, प्रशासक बसला आणि पुढची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. आमच्या बाबांनी पाच वर्षं फुटक्या गटाराची तक्रार कुणाकडे करायची? 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'कडे. नगरसेवक चोर असो नाहीतर साव, निदान त्याचं घर ठाऊक असतं, सकाळी दूध आणायला जाताना त्याला गाठता येतं. आणि अखेर निवडणूक लागली तेव्हा कितीतरी जागा मतदानाआधीच बिनविरोध. बाबा फोनवर म्हणाले, "शाई वाया गेली नाही, तेवढाच फायदा." तेव्हा 'थोडी पुढे ढकललीय, त्यात काय' हे मला सांगू नका. थोडी किती लांबते ते आमच्या गल्लीला विचारा.

ठीक आहे, इथे ते तसं होणार नाही, मला माहितीये. ७ मेला होतेय निवडणूक. कार्ड समोरच आहे. आणि हेही खरं की आत्ताची पद्धत डोक्याला तापच होती. डबे बरो उचलणार, रस्त्यातले खड्डे काउंटी बुजवणार, कौन्सिल टॅक्स बरो गोळा करणार आणि त्यातला जेमतेम दहावा हिस्सा स्वतः ठेवणार. मी स्वतः दोन वर्षं खड्ड्याच्या तक्रारी चुकीच्या दारात टाकत होते.

पण त्या दारातून दरवेळी कुणीतरी उत्तर द्यायचं हो. "हे आमचं काम नाही, पण मी पुढे कळवतो." कळवायचेसुद्धा. कारण तो माणूस दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि शनिवारी दुकानात रांगेत माझ्या मागे उभा असायचा.

मघाशी पाय मोकळे करायला एप्समच्या मार्केट प्लेसला जाऊन आले. तिथे बाकावर एमिली डेव्हिसन बसलेली आहे, ब्राँझची, २०२१ पासून. १९१३ च्या डर्बीला, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला, इथल्याच मैदानावर ती राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी इथल्याच हॉस्पिटलमध्ये वारली. बायकांच्या मतासाठी. तिच्या शेजारची जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय, लोक बसून फोटो काढतात. मी बसले दोन मिनिटं. ग्रुपवर तिचा फोटो टाकावा असं मनात आलं होतं, नाही टाकला. राग जरा उतरला होता. त्या मैत्रिणीला दोन लहान मुलं आणि रात्रपाळी आहे, तिने हे कधी वाचायचं? तिला भेटूनच सांगेन. नाव मात्र मीच नोंदवून घेणार तिचं.

येताना आजोबांकडे डोकावले. अठ्ठ्याऐंशी झालेत. गुडघे गेले, डोळेही कमी झालेत. संघाची पत्रकं आमच्या रस्त्यावर ते वाटायचे, दोन वर्षांपासून मी वाटते. तीन नंबरच्या घरातला कुत्रा अजून माझी बोटं पत्रकासकट ओढतो. आजोबांचं पोल कार्ड पायपुसण्यावरच पडलं होतं, ते उचलून वाचून दाखवलं. चर्चचा हॉल तोच आहे, मी येईन न्यायला, म्हटलं. त्यांनी कौन्सिलचं नवं नाव दोनदा म्हणून पाहिलं, तोंडात बसत नव्हतं.

मग विचारलं, "या वेळी किती फुल्या?"

"दोन."

"एक कमी," म्हणाले, आणि चहाचं पाणी ठेवायला काठी शोधू लागले.