ती लाइमस्टोन केव्ह नव्हे हो, जांभ्याची घळ आहे

राजापूर-देवगड पट्ट्यात सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कडेला ज्या गुहा आहेत, त्यांचे रील हल्ली धडाधड फिरतायत. खाली बिनदिक्कत लिहिलेलं असतं, 'कोकणातली लाइमस्टोन केव्ह'. नावावरून वाद घालायची हौस नाही, पण इथे दगड ओळखायला चुकलात की आत किती वेळ थांबायचं, कुठे बसायचं, कुठल्या महिन्यात जायचं, सगळंच चुकतं.

चुनखडीच्या गुहा बघायच्या तर मेघालय गाठा, नाहीतर आंध्रातलं बोरा किंवा बेलम. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं, त्यात चुनखडी विरघळते आणि पुढे तोच चुना थेंबाथेंबाने साचून लवणस्तंभ होतात. आपला जांभा म्हणजे उष्ण-दमट हवेत कुजलेला कातळ. सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अभ्यासकाने मलबारात पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट म्हटलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. शंका असेल तर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. चुनखडीवर बुडबुडे येतात, जांभा ढिम्म. किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुन्याने घट्ट झालेला वाळूचा दगड मिळतो, तो बुडबुडेल. पण तो खाली समुद्राशी, सड्यावर नाही.

आता मुख्य गोष्ट. जांभ्याची गुहा दगड विरघळून होत नाही. वर कडक जांभ्याचा थर आणि त्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती, अशी आपल्या सड्यांची ठेवण. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपतं, चिकणमातीवर अडतं, मग आडवं वाहत उताराकडे फुटतं. जाताना माती घेऊन जातं. माती गेली, पोकळी राहिली, छपराला वरचा जांभा. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी-चिखल शिरून कोकण रेल्वे अडकली होती ना, ती अशाच मऊ मातीची करामत. म्हणून या घळी नेहमी सड्याच्या ओठाखाली, साधारण एकाच उंचीवर सापडतात. समोरच्या डोंगरावरून नीट बघितलंत तर सुक्या गवतात हिरव्या झाडीची एक आडवी रेघ दिसते. ती झऱ्यांची रेघ. तोंडं त्याच रेघेवर.

चिरेखाणीवर काम केलेल्या कुणालाही विचारा, ताजा चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, मऊ निघतो आणि वाऱ्या-उन्हात टणक होतो. गुहेचं छप्पर आतून ओलं, म्हणजे ताज्या चिऱ्यासारखंच. तोंडाशी कडेला नखाने खरवडून बघा. नखात लाल-पिवळी माती आली तर ते छप्पर भरवशाचं नाही. मग जमीन बघा. पडलेल्या तुकड्यांच्या कडा धारदार आणि त्यांच्यावर धूळ नाही, म्हणजे हल्लीच पडलेत. छतातून झाडाची बारीक मुळं लोंबत असतील तर वरचा थर पातळ आहे. यातलं एकही दिसलं तर तोंडातूनच टॉर्च मारून बघायचं आणि मागे फिरायचं. हातोडी, काठी काही ठोकायचं नाही.

ऋतूचं गणितही इथूनच निघतं. पावसाळ्यात तर नाहीच, पण दसऱ्यालाही घाई नको. तेव्हा जांभा पाणी पिऊन जड असतो आणि खालची माती सुकताना पापुद्रे सोडते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर हा काळ बरा. फेब्रुवारीनंतर सड्यावर सावली नाही, शिवाय वणव्याची भीती. सुकं गवत, चढता उतार आणि दर्याकडचा वारा एकत्र आले की आग माणसापेक्षा वेगाने वर चढते. बिडी-स्टोव्ह घरी ठेवा.

वाऱ्याचं वेळापत्रक साधं आहे. सकाळी जमिनीकडून मतलई, तो सौम्य. दुपारकडे खारा वारा सुरू होतो, दोन-तीनला जोरात असतो. तो कड्यावर आपटून सरळ वर उसळतो, म्हणून कडेशी उभ्या माणसाची टोपी आधी वर उडते आणि मग मागे जाते. डोळ्यांत लाल धूळ जाते, हाक पाच पावलांवर ऐकू येत नाही. शिटी ठेवा. छत्री, ढगळ पोंचो नकोच. आणि कडेपासून दहा फूट आत चाला, कारण खालची माती गेलेली असल्याने तो ओठ पडवीच्या पत्र्यासारखा नुसता पुढे आलेला असतो. वरून घट्ट कातळ वाटतो, हीच गंमत. उताराला मात्र गोल बारीक खडी पसरलेली असते, बुटाखाली छर्ऱ्यांसारखी फिरते. आडवं, लहान पावलांनी उतरा.

सकाळी सातला वाडीतून पाखाडी (दगडी पायवाट) चढायला लागा, अकराच्या आत गुहा बघून परत सड्यावर या. माणशी तीन लिटर पाणी, दोन टॉर्च, घोट्यावर चढणारे बूट, जाड हातमोजे. आत एका वेळी दोघेच, एक जण बाहेर. वटवाघळं असतील तर आत जाऊ नका. त्यांच्या विष्ठेची धूळ फुफ्फुसाला घातक.

कपारीत हात घालायचा नाही, कारण फुरसं हा विषारी साप. सड्यावरच्या दगडांखाली ते दिवसा निवांत पडलेलं असतं, विटकरी रंगात मिसळून जातं. चावलं तर आवळून बांधू नका, जखम कापू नका, हात-पाय हलवू न देता प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. रक्त गोठण्यात बिघाड व्हायला काही तास लागू शकतात, म्हणून 'बरं वाटतंय' यावर विसंबू नका.

आत चूल पेटवू नका, जमीन उकरू नका. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खननात दगडी हत्यारं मिळाली आहेत. तुमच्या कोळशाने पुढच्या अभ्यासकाच्या कालमापनाचा बट्ट्याबोळ होतो. सड्यावरून जाताना कातळशिल्पांवर पाय नको. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

समुद्राच्या पायथ्याच्या घळी वेगळ्या, तिथे भरती बघा. तिथीला पाऊणने गुणायचं: चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, सव्वानऊला ओहोटी. ओहोटीच्या तासभर आधी पोचा, तासभरानंतर बाहेर. आणि गावातल्या गुरवाला किंवा मानकऱ्यांना आधी विचारा, बऱ्याच घळींत देव असतो. वाट दाखवायला वाडीतला माणूस घ्या, त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्या, आणि लोकेशन टाकताना फक्त तालुका लिहा.