आठ टक्के, पण कशावर?

आज सकाळी भाच्याने पगाराची स्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. खाली एकच ओळ : "मावशी, हिशेब चुकलाय का बघ ना."

हिशेब चुकलेला नाही. म्हणूनच डोकं फिरलंय माझं.

चाकणला एका कंपनीत आहे तो. पगार २४,०००. गेल्या महिन्यात पत्र मिळालं, ८ टक्के वाढ. साहेबांनी हात मिळवला, पेढे वाटले. पोराने सरळ २४,०००चे ८ टक्के काढले, १,९२०. रात्री ताईला फोन केला, "आई, दोन हजार वाढले!" आणि हातात जास्तीचे आले किती? ९१५ रुपये.

माझे बाबा साखर कारखान्यात कारकून होते. पगारवाढीचा करार झाला की रविवारी आमच्या ओट्यावर चार-पाच कामगार येऊन बसायचे. बाबा कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि आधी विचारायचे, "कशावर?" ते कळलं की मग, "शंभराला आठ. तुझ्याकडे शंभर किती?"

मीही आज तसंच केलं. वाढ होती मूळ पगारावर, म्हणजे १३,०००वर. त्यात शंभर १३०. आठाने गुणा, १,०४०. बस्स. घरभाडं, बाकीचे भत्ते जिथल्या तिथे. वाढलेल्या रकमेवर पीएफचे १२ टक्के, म्हणजे सव्वाशे, कापले. पीएफ आणि दोनशे व्यवसाय कर जाऊन आधी हातात २२,२४० यायचे, आता २३,१५५. आठ कुठले, जेमतेम चार टक्के पडले पदरात.

पत्रात 'मूळ वेतनावर' असं लिहिलं होतं, मान्य. पीएफ त्याचाच आहे, कंपनीही तेवढीच भर घालते, तेही मान्य. पण पगार रुपयांत देता, कापता रुपयांत, मग वाढच तेवढी टक्क्यांत का सांगता? 'तुझ्या हातात महिन्याला ९१५ जास्त येतील' एवढं एक वाक्य लिहायला काय जातं? पेढे देताना त्या पोराचा चेहरा दिसत नव्हता का तुम्हाला?

२०२०मध्ये माझाही पगार २० टक्के कापला होता. ३०,०००चे २४,००० झाले. पुढच्या वर्षी २० टक्के वाढवून म्हणाले, "झालं, होतात तिथे आलात." २४,०००वर २० टक्के म्हणजे २८,८००. बाराशे कुठे गेले? बाबांची मुलगी असून मी तेव्हा 'कशावर' विचारलं नाही. घरी येऊन रडले फक्त.

भाच्याला मघाशी कागदावर सगळं मांडून फोटो पाठवला. बराच वेळ 'टाइप करतोय' दिसत होतं. मग आलं, "आईला तू सांगशील का?"

ताईने ते दोन हजार धरून या महिन्यापासून भिशी लावली आहे. फोन हातात घेऊन बसले आहे, अजून लावला नाही.