ओहोटीला पाणी कमी, म्हणून धोका कमी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या गटात काकांचा हा निरोप आठवड्यात तिसऱ्यांदा फिरला: "शिवराजपूरला किनाऱ्यावरून डायव्हिंग करायचंय? ओहोटीत उतरा. पाणी उथळ, समुद्र शांत. पौर्णिमा असेल तर सोन्याहून पिवळं. वेळ एकदा विचारा, चारही दिवस तीच."

उथळ, कबूल. शांत कुठलं? ओसरणारं पाणी माणसालाही बाहेर ओढतं. १ नॉट, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटरचा ओढा ऐकायला किरकोळ. पण टाकी चढवलेल्या माणसाला त्याविरुद्ध फार वेळ पाय मारणं जमत नाही. होडीतून उतरलेल्याला होडी येऊन उचलते, किनाऱ्यावरून गेलेल्याला आपलं आपणच परतायचं असतं. शिवाय खाड्यांचा गाळ ओहोटीबरोबर बाहेर येतो, म्हणून दिसतंही कमी. जाणते लोक बहुतेक ठिकाणी भरती पुरी होऊन पाणी थबकतं ती वेळ धरतात. ओहोटीला बाहेर यायचं म्हणजे उघडे पडलेले शेवाळी खडक, कालवांच्या धारदार कडा आणि पाठीवर पंधराएक किलो.

पौर्णिमेचं तर साफ उलटं. तेव्हा उधाण: भरती सर्वांत मोठी, ओहोटी सर्वांत खोल, म्हणून ओढाही जोराचा. आणि हा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतो. गेल्या वर्षी त्याच बेताला आम्ही खंबातच्या आखाताकाठी कावी-कांबोईला स्तंभेश्वराच्या देवळाशी उभे होतो. आधी चिखलावर चकाकती रेघ सरकली, मग एकेक पायरी गेली, मग पिंड. सासूबाई चपला हातात घेऊन मागे मागे! खंबातच्या आखातात उधाणाला पाणी १० मीटरच्या आसपास चढतं, आणि सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच त्यातलं निम्मं. म्हणजे तासाला अडीच मीटर, पुरुषभर उंचीहून जास्त. द्वारकेकडे, म्हणजे शिवराजपूरला, फरक बराच कमी, पण हिशेब तोच. नवख्यानं अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो ते, बघावं.

वेळ तीच? रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. माझी रत्नागिरीची आत्या तिथीची पाऊणपट करते: अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. पण हा आडाखा कोकणचा, तोही ढोबळ. कांबोईला लावाल तर फसाल, तिथे भरती काही तास उशिरा येते. शिवराजपूरला त्या दिवसाचं, त्याच किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक बघा, काका.