रेघ गाळून सूर लिहिणाऱ्यांनो, जरा थांबा!

परत तोच व्हिडिओ आला. ‘बाखनं स्वतःचं नाव सुरांत लिहिलं!’ पाश्चात्त्य सुरांना ए ते जी अशी अक्षरांची नावं असतात, सी म्हणजे आपल्या पेटीची पांढरी एक. व्हिडिओत वर मोठ्या अक्षरांत बी-ए-सी-एच, खाली कीबोर्ड, आणि हा माणूस वाजवतो काय? पांढरी सात, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी सात. चूक! साफ चूक! आणि मला तो सोसायटीच्या ग्रुपवरनं येतो, नातेवाइकांकडनं येतो, शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांकडनं येतो. मुलं क्लासला येतानाच ते चुकीचं घोटून आलेली असतात. मग मी ‘असं नाही रे’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘पण व्हिडिओत असंच आहे.’

अहो, बाख हा संगीतकार जर्मन होता. जर्मनीत बी म्हणतात ते आपल्या बी फ्लॅटला, म्हणजे कोमल बीला, काळी पाचला. आणि पांढऱ्या सातला तिकडे एच म्हणतात, आजही म्हणतात. म्हणून तर त्याचं आडनाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाजतं. बाख हयात असताना, 1732 साली छापलेल्या वाल्टरच्या संगीतकोशात हे नोंदलेलं आहे. मध्ययुगात या एकाच बी अक्षराची दोन वळणं होती. गोल बी म्हणजे कोमल, चौकोनी बी म्हणजे शुद्ध. त्या गोल बीचीच पुढे फ्लॅटची खूण झाली आणि चौकोनी बी जर्मन मुलुखात एच होऊन बसला. व्हिडिओ करणाऱ्यानं कुठेतरी ‘एच म्हणजे बी’ एवढं अर्धं वाक्य वाचलं आणि लागला शिकवायला. मग पहिला बी कुठला, हा प्रश्न पडायला नको?

बरं, फरक किती पडतो म्हणाल तर सगळाच पडतो. खरं बाख वाजवून बघा: काळी पाच, पांढरी सहा, वरची पांढरी एक, पांढरी सात. हे चार सूर चढत्या क्रमानं लावले तर ए, बी फ्लॅट, बी, सी अशा चार सलग पट्ट्या आहेत, मध्ये एकही पट्टी मोकळी नाही. अर्ध्या-अर्ध्या सुरावर चौघं एकमेकांना खेटून उभे. ती ओळ कानाला स्वस्थ बसू देत नाही ती याच्यामुळे. शुमान या संगीतकारानं 1845 मध्ये याच चार सुरांवर सहा फ्यूग लिहिले (फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना), लिस्टनं 1855 मध्ये ऑर्गनसाठी प्रिल्यूड आणि फ्यूग लिहिला, ते या घुसमटीसाठी. बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधल्या शेवटच्या अपुऱ्या फ्यूगमध्ये तिसरा विषय, म्हणजे मूळ सुरावट, म्हणून हेच नाव येतं आणि थोड्याच वेळात हस्तलिखित तिथे तुटतं. व्हिडिओतलं जे वाजतं त्यात चार सुरांचे तीन झाले! काळी पाच गेली आणि जे उरलं ते पहिल्या आठवड्यातल्या पोरानं बोटं फिरवावीत तसं. नि ध सां नि. यासाठी कुणी फ्यूग लिहिला असता का?

आणि हे ‘नि ध सां नि’सुद्धा आमच्याच लोकांनी लिहून पाठवलेलं. सा म्हणजे सी धरा. मग बाखचं नाव होतं कोमल नि, ध, सां, शुद्ध नि. आता शेवटचे दोन सूर अदलाबदल करा. कोमल नि, ध, शुद्ध नि, सां. आलं का कानात? राग मियाँ मल्हार! हे पहिल्यांदा पेटीवर सापडलं तेव्हा मी किती वेळ तेच वाजवत बसले होते. एवढी सुंदर गोष्ट मुलांना दाखवता येते, दोन निषाद शेजारी-शेजारी असल्यावर काय होतं ते ऐकवता येतं, आणि तुम्ही कोमल सुराखालची रेघ गाळून दोन्ही ‘नि’ एकच करून टाकता. मग मल्हार कुठला आणि बाख कुठला.

शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराचंही तेच करतात. त्याची सही डी-एस-सी-एच. यातला एस म्हणजे जर्मन एस, आपला ई फ्लॅट. 1960 मधली त्याची आठवी स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, चेलोच्या याच चार सुरांवर सुरू होते. आमचे लोक एस सापडत नाही म्हणून सरळ वगळतात. नावातलं अक्षर वगळतात आणि म्हणे सही!

आता यातून नवीन खूळ निघालंय. ‘मॅडम, मुलीच्या नावाची धून बसवून द्या ना, वाढदिवसाला वाजवेल.’ ॲपमध्ये इंग्रजी स्पेलिंग टाकायचं, ए ते जी झालं की एचपासून परत ए ते जी, अशी सव्वीस अक्षरं सात सुरांत कोंबलेली. परवा आर्या नाव आलं. ए, डी, डी, ए. नंतर आद्या आलं. ए, डी, डी, ए! दोन वेगळ्या मुली, धून एकच, आणि दोन्ही घरांत ‘फक्त तुझ्यासाठी’ म्हणून पाठवलेली. रागही येतो आणि त्या पोरींसाठी वाईटही वाटतं. ही युक्ती नवी नाही, ते मला माहीत आहे. 1909 मध्ये हायडन या संगीतकाराच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली म्हणून पॅरिसमध्ये संगीतकारांना त्याच्या नावावर रचना करायला सांगितलं, तेव्हा वाय म्हणजे डी आणि एन म्हणजे जी असंच बसवलं होतं. सेंट-साँसनं त्यात पडायला नकार दिला, वाय आणि एनचे हे सूर होतात याचा पुरावा द्या म्हणाला. मला तो बरोबर वाटतो. पण रॅव्हेलनं निदान त्या पाच सुरांचा मिन्युएट, म्हणजे नाचाच्या ठेक्यातला तुकडा, केला, ते उलटे फिरवले, वरचं खाली केलं, काम केलं त्याच्यावर! शुमाननं पहिल्याच छापील कृतीत आबेग हे आडनाव घेतलं, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर मुळातच सूर होतं. ॲप काय करतं? चार सूर वाजवतं, खाली तबल्याचा ठेका टाकतं, संपलं.

ॲपचं सोडा एक वेळ. आपल्याच गाण्याच्या पुस्तकांचं काय? सूर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्या तारसप्तकाला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत मंद्राचंच टिंब वर असतं. म्हणजे कुठली पद्धत हे सांगितलं नाही तर सूर दोन सप्तकं इकडे-तिकडे जातो. हे सगळं मोबाइलवर टाइप करताना गळून पडतं आणि तसंच छापखान्यात जातं. एका क्लासनं काढलेलं पुस्तक माझ्यासमोर आहे. ललत. दोन्ही मध्यम लागून लावायचे, राग उभा आहे तो त्यावर. पुस्तकात काय, ‘म म’. फक्त म म! शिकणाऱ्या मुलानं काय करायचं, एकच मध्यम दोनदा वाजवायचा? त्यानं तेच केलं. घरी महिनाभर रियाज केला आणि मला येऊन वाजवून दाखवलं, मोठ्या हौसेनं. त्याला काय सांगू मी?

रेघ टाइप होत नाही, ही सबब नको. वैदिक स्वरांसाठीची अनुदात्ताची खूण युनिकोडमध्ये आहे, ती अक्षराखाली आडवीच येते. ती सापडत नसेल तर ‘कोमल नि’, ‘तीव्र म’ असं अक्षरांत लिहा. तेही जड जात असेल तर पेनानं लिहून फोटो काढा. आणि ते पुस्तक काढणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीची वाट न बघता शुद्धिपत्र छापून प्रत्येक मुलाच्या हातात द्यावं, नाहीतर घेतलेले पैसे परत करावेत.